केमोआधी बाटली

"बायोप्सी में कैंसर निकला है," डॉक्टर म्हणाले. "केमो जल्दी शुरू करनी होगी. बच्ची का दूध छुड़ाना पड़ेगा."

बायोप्सी म्हणजे गाठीत सुई घालून काढलेल्या तुकड्याची तपासणी. ईरा तेव्हा माझ्या मांडीवर दूध पीत होती. पाच महिन्यांची. बाटली तिनं कधी तोंडात घेतली नव्हती.

छातीतली ही गाठ नवी नव्हती. ती हाताला लागली तेव्हा मी सोसायटीजवळच्या क्लिनिकमध्ये गेले होते. तिथल्या डॉक्टरबाईंनी हात न लावता सांगितलं, दूध जमलंय, शेक घ्या. पुन्हा गेले तर म्हणाल्या, "आप गूगल बहुत करती हैं." मी परभणीहून स्पर्धा परीक्षा द्यायला दिल्लीत आले, नापास झाले आणि इथेच धंदा उभा केला. मानेसरच्या कारखान्यांना पुठ्ठ्याची खोकी पुरवते. कच्चा माल दाबून बघितल्याशिवाय ट्रक उतरवून घेत नाही. त्या बाईंना माझी गाठ दाबून बघावीशी वाटली नाही. त्यांना मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

अंगावर पाजताना गाठ लागली आणि थोड्या दिवसांत विरली नाही, तर सोनोग्राफी लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. भांडावं लागलं तर भांडा.

दूध सोडवायला मी कॅन्सरच्या डॉक्टरांकडे दोन आठवडे मागितले. ते नाही म्हणाले. दहा दिवस मागितले.

"मैडम, मुझसे नहीं, ट्यूमर से पूछिए."

ट्यूमर म्हणजे तीच गाठ. एक आठवडा मिळाला.

पुण्याहून सासूबाई आल्या. पहिली बाटली मीच लावली. ईरानं रबरी बोंडी चावली, जिभेनं बाहेर ढकलली आणि पाठ कमानीसारखी ताणून रडली. मी दुसरी बाटली आणली, मग तिसरी, मग परदेशी. मग मला राग आला. भूक लागली की घेईल, असं म्हणून मी तिला उपाशी ठेवलं. ती हुंदके देत झोपली, पण दूध घेतलं नाही. त्या दिवशी लंगोट कोरडेच निघत होते. बाटली नुसती दिसली तरी ती तोंड फिरवायला लागली.

बालरोगतज्ज्ञांनी तिची टाळू तपासली. टाळू खोल गेली तर अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. "अभी ठीक है. फिर ऐसा मत कीजिए, इससे लड़ के नहीं जीतेंगी," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले. "असली दुकान सामने खुली है, तो वो नकली माल क्यों ले?"

त्यांनी सांगितलेलं तुमच्यासाठी लिहिते. बाळ फार भुकेलं होण्याआधीच बाटली द्या. आधी तुमचंच काढलेलं दूध द्या, कोमट. बोंडी हळू गळणारी घ्या. बाळाला अर्धवट बसतं धरा, बोंडी ओठांना लावा आणि थांबा, आत कोंबू नका. दुसऱ्या कुणीतरी पाजावं. आणि आईनं घरात थांबू नये.

घरातून निघणं मला येतं. सौदा जुळत नसेल तर मी पिशवी उचलून दाराकडे चालू लागते. समोरचा हाक मारतोच. या वेळी हाक आली की मी हरणार होते.

खाली बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचे. हाक यायचीच. "अगं, वर ये, ती निळी पडेल रडून," सासूबाई फोनवर म्हणायच्या, आणि मी धावत जाऊन पाजायचे. दोन-तीन दिवस असेच गेले. शनिवारी मी फोन सीटवर ठेवून त्याच्याकडे बघत बसले. दूध दाटून ब्लाउज ओला झाला. फोन वाजेना. आधी बरं वाटलं. मग नको नको ते मनात यायला लागलं, आणि लिफ्टची वाट न बघता मी जिन्यानं वर गेले.

ईरा सासूबाईंच्या खांद्यावर झोपली होती. अर्ध्याहून जास्त बाटली रिकामी होती.

"फोन का नाही केलात?" मी जवळजवळ ओरडलेच.

"हळू. कशाला करू? प्यायली ती. माझा हात मोकळा तरी होता का?"

मी त्यांच्या पाया पडले. लग्नानंतर पहिल्यांदा मनापासून.

सोमवारी केमो सुरू झाली. शिरेतून थेंब थेंब औषध सोडतात. दूध आटायची गोळी घेतली होती, तरी छाती ठणकत होती. वॉर्डात कुणाचं तरी बाळ रडलं की ब्लाउज पुन्हा ओला व्हायचा.

काही आठवड्यांनी दूध आटलं, केस गेले. एकदा सासूबाईंनी ईराला माझ्या मांडीवर दिलं आणि बाटली हातात ठेवली. ईरानं आधी माझ्या छातीत तोंड खुपसून हुंगलं. बराच वेळ. मग तोंड वळवून बोंडी धरली आणि पिता पिता माझ्या टकलाकडे बघत राहिली.

तेव्हापासून दिवसातली एक बाटली मी पाजते. बाकीच्या सासूबाई पाजतात, रात्रीची माझा नवरा अमोल.

"आता बरी आहेस ना, सगळ्या तूच पाज की यार," अमोल म्हणतो.

मी नको म्हणते. गाठ गेली का ते सांगणारा स्कॅन अजून व्हायचा आहे, तोवर तिची इतर हातांची सवय मोडायला नको.