नांदुऱ्याची बाग आणि किसनभाऊंची वाट

लोक सुट्टी काढून किल्ले बघतात, लेणी बघतात. मी वाढत्या गावांच्या कडा बघतो. डांबर संपून काळी माती सुरू होते तिथं उभं राहिलं की त्या गावातलं पुढचं भांडण दिसतं. या वेळी निमित्त झालं बहिणीच्या फोनचं.

सुनीता नांदुऱ्याला दिलेली. "दादा, आमच्या कॉलनीतल्या ओपन स्पेसची नगरपरिषदेत सुनावणी आहे. तिथं भिंत घालून बाग करायचीय. यांचं म्हणणं, तू येऊन बोल."

मोकळ्या जागांवर मी गावोगाव बोलत आलोय. बोलावल्यावर घरी बसणं जमत नाही. दोन कपडे पिशवीत टाकले आणि दुसरबीडहून सकाळची एसटी धरली.

तुम्हाला याच वाटेनं जायचं असेल तर थेट गाडीची वाट बघू नका. देऊळगाव राजावरून चिखली, तिथं गाडी बदला, मग बुलढाणा, तिथं परत बदला. बुलढाण्याच्या स्टँडबाहेर पोहे-चहा उरकून घ्या, पुढं नीट काही मिळेलच असं नाही. राजूर घाटात खिडकी सोडू नका. वर थंडीला स्वेटर लागतो, खाली मोताळ्यात तो काढून मांडीवर घ्यावा लागतो. रस्ता घाटापर्यंत बरा आहे. मोताळ्यापुढं मधूनमधून डोकं टपाला लागायच्या बेतात येतं. दिवसभराचं भाडं आणि चहापाणी धरूनही खिसा फारसा हलका होत नाही.

घाट उतरला की बोलीही बदलते. माझ्या पुढच्या बाकावर दोघे शेतकरी होते. एक वडनेर भोलजीचा, हे कंडक्टर तिकीट देताना कळलं. दुसऱ्यानं त्याला धरलं.

"काऊन बे, वावर इकून राह्यला म्हने?"

"कोन सांगतलं तुले?"

"चुन्याच्या रेघा दिसून राह्यल्या ना तुया वावरात."

"पोट्टे म्हनते प्लॉट पाडा. मी काय करू?"

"पाड मंग. पुढच्या साली वांगे स्लॅबवर लावजो."

अर्धी गाडी हसली. वडनेरवालाही हसला, पण खिडकीकडं तोंड करून.

नांदुऱ्यात स्टँडवरून रिक्षानं कॉलनीत पोचलो. घरं नवी, वर पुढच्या मजल्याच्या सळया तशाच ठेवलेल्या, म्हणजे अजून वाढायची इच्छा शिल्लक आहे. मधोमध ती मोकळी जागा. तीन बाजूंनी पाया खणून झालेला, रस्त्याकडं बागेच्या दारापुरती जागा सोडून; चौथी, मागची बाजू अजून मोकळी. त्या बाजूनं बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या जागेत शिरत होत्या आणि तिरप्या जाऊन त्या दारातून कॉलनीच्या रस्त्याला लागत होत्या.

जेवायला वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. भरताचं कौतुक केलं तर सुनीता म्हणाली, "किसनभाऊंचा वाणवळा आहे. माल निघाला की पहिली टोपली कॉलनीत वाटतात. एक घर सोडत नाहीत."

दाजी, म्हणजे सुनीताचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी बाजू नीट मांडली. मोकळ्या जागेत रात्री दारुडे बसतात. बाहेरचे ट्रॅक्टर बांधकामाचा मलबा टाकून जातात. एकानं तर टपरीसाठी चार बांबूही रोवले होते, ते कॉलनीवाल्यांनी उपटले. "तुम्हीच भाषणात म्हणता ना, दादा? ज्या मोकळ्या जागेला कुंपण नाही, ती उद्या कुणाची तरी होते."

वाक्य माझंच होतं आणि अजूनही खरं आहे.

"आणि त्या चाकोऱ्या?" मी विचारलं.

दाजींनी ताटात बघितलं. सुनीता म्हणाली, "तेच तर."

संध्याकाळी चाकोऱ्या धरून चालत गेलो. कॉलनीमागं दोन एकर हिरवंगार: मेथी, वांगी, कोबी. एका अंगाला नाला, बाकी दोन अंगांना दुसऱ्यांची उभी पिकं. किसनभाऊ गाडीत मेथीच्या जुड्या रचत होते. सत्तरीचा माणूस, डोक्याला गमछा. सगळी कॉलनी त्यांच्याच शेतावर उभी आहे. पुढचं रान त्यांनी विकलं, मागचं ठेवलं. वाट स्वतःच्याच शेतातून जात होती, म्हणून ती कधी कुठल्या नकाशात आलीच नाही. आपल्याच घरातून चालायला कोण नकाशा काढतं? प्लॉट पाडणाऱ्यानं नकाशा आखला तेव्हा ती ओपन स्पेसमध्ये गेली. मोकळी होती तोवर कुणाला काही वाटलं नाही.

"भाऊ, भिंत झाली की गाडी कुठून काढणार?"

"पाहू ना."

"उद्या सुनावणीत सांगा की."

त्यांनी जुडी खाली ठेवली. "कसं सांगू पाहुणे? नारळ म्याच फोडला ना."

भिंतीच्या भूमिपूजनाच्या दिवशी कॉलनीवाले वाजतगाजत त्यांच्या घरी गेले होते. मूळ मालक म्हणून पहिला मान तुमचा, म्हणाले. खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. किसनभाऊंनी तो फोडला, खोबरं सगळ्यांनी खाल्लं. आपण आपल्याच वाटेवर नारळ फोडतोय, हे त्यांना त्या घडीला कळत होतं की नव्हतं, मी विचारलं नाही.

"मान घेतला, आता आडवा कसा होऊ? लोक काय म्हनतीन?"

"वाट गेली तर?"

"मंग वावर इकाव लागीन. घेनारा तर रोजच इचारून राह्यला." हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की बैलानंसुद्धा मान हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी सुनावणी. सभागृह भरलेलं, पंखे बंद. मी रात्री माझं भाषण पार उलटं करून ठेवलं होतं. बागही हवी आणि वाटही हवी, असं. पण अधिकाऱ्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, ज्यांची त्या भागात मिळकत आहे त्यांनीच बोलायचं. नियम रास्त आहे. मी खाली बसलो.

दाजी बोलले, मुद्देसूद. माझं वाक्यही त्यांनी वापरलं, टाळ्या घेतल्या. मग अधिकारी मागं बसलेल्या किसनभाऊंना म्हणाले, "काका, तुमची जमीन लागून आहे. काही हरकत?"

किसनभाऊ उठले, हात जोडले. "नाही साहेब. कॉलनीचं जे, तेच माहं."

ते बसले आणि सुनीता उभी राहिली. दाजींनी तिचा पदर हळूच ओढला.

"घर माझ्याही नावावर आहे, साहेब, म्हणून बोलते. नारळ भाऊंनी फोडला, खोबरं आम्ही खाल्लं. त्या खोबऱ्यात त्यांची वाट होती असं कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर माझ्या घशाखाली उतरलं नसतं."

"वहिनी, बाग काय तुमच्या मेथीसाठी सोडायची का?" मागून एक आवाज आला.

"तुमच्या घरी येते तीच मेथी आहे ती, रमेशभाऊ. परवा टोपलीत गड्डी लहान निघाली म्हणून परत कुणी पाठवली होती?"

हशा पिकला. रमेशभाऊही हसले. अधिकाऱ्यांनी म्हणणं लिहून घेतलं. नकाशात वाट नाही, निर्णय वरून येईल, म्हणाले.

खरा निर्णय बाहेरच्या ओट्यावर चहाबरोबर झाला. भिंत होईल, पण चौथ्या बाजूला गाडी जाईल एवढं फाटक ठेवायचं. टपऱ्यांच्या भीतीनं त्याला कुलूप. किल्ली सुनीताकडं, कारण भांडण तिनं काढलं. दाजी म्हणाले, "घ्या, झालं दोघांचंही." किसनभाऊंनी मान डोलावली. शाल दिली तेव्हाही अशीच डोलावली असेल.

परतताना बुलढाण्यात गाडी चुकली. स्टँडवर बसून शेंगदाणे खात मी हिशेब लावत होतो. कॉलनी वाईट नव्हती. नियम वाईट नव्हता. भीड तर आपल्याकडं सद्गुणच मानतात. आणि या तिन्ही चांगल्या गोष्टी मिळून एका माणसाचं शेत विकायला निघाल्या होत्या. माझं मत मी आजवर व्यासपीठावरून सांगितलं, इथंही सांगतो: ज्या वाटेसाठी रोज कुणाचं तरी मन चांगलं असावं लागतं, ती वाट नकाशात आली पाहिजे. माझी बहीण उद्या घर विकून मुलाकडं गेली तर?

काही आठवड्यांनी तिचा फोन आला. भिंत झाली, फाटक बसलं, निर्णय अजून वरच आहे.

"आणि कुलूप?"

"अजून लावलंच नाही, दादा. फळीवर पडलंय. कमिटीवाले विचारतात, मी म्हणते उद्या लावते."

"मग भाऊंचं बरं झालं."

"फाटक उघडंच असतं. तरी रोज सकाळी गाडी बाहेर थांबवतात, आपल्या दारात येतात आणि विचारतात, 'ताई, जाऊ का?'"