लिंबाच्या वासाचा पंचनामा

ती घटना आजही आठवते, आणि त्यासाठी डोक्याला ताण द्यावा लागत नाही. घरात कोणी लिंबू कापलं की पुरे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले निम्मे आता एकमेकांत मिसळून गेलेत. हे प्रकरण त्या मानानं अगदीच किरकोळ, पण तेवढंच मागे लागून राहिलंय.

भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीज खाणींच्या भागात मी ठाण्याचा प्रभारी होतो. ई-सिगारेटवर बंदी येऊन फार काळ झाला नव्हता आणि वरून सारखी विचारणा होई, तुमच्याकडे कारवाई काय? आमच्याकडे काय कपाळ कारवाई असणार? इथला माणूस बिडी ओढतो, नाहीतर तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो. अशात एका दुपारी ठाणे अंमलदारानं फोन माझ्या हातात दिला. चिखला या खाणीच्या गावाहून होता.

"साहेब, आमच्या शेजारी एक माणूस घरात काहीतरी बनवून राहिला. बाहेरून पार्सलं येतेत. सुया हायेत त्याच्यापाशी. म्या डोळ्यानं पाह्यल्या."

"विकतो का?"

"ते तुम्ही पाहा जी. सांगाचं काम माह्यं होतं, सांगतलं."

काडी टाकून दार लावून घेणारी ही जात प्रत्येक गावात असते. तरी खबर ती खबर. स्टेशन डायरीला नोंद घेतली, दोन पंच बोलावले आणि हवालदार बाईंना सोबत घेऊन निघालो.

घर खाण कामगारांच्या वसाहतीला लागूनच होतं. दार उघडलं ते साठीच्या एका माणसानं. खाणीत इलेक्ट्रिशियन होता, निवृत्त झालेला, एकटा राहणारा. आत फळीवर बुद्धाची मूर्ती, शेजारी बायकोचा फोटो आणि खालच्या टेबलावर छोट्या बाटल्याच बाटल्या. औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन आणि बिनसुईच्या सिरिंजाही होत्या. खबऱ्यानं सुया मनानंच लावल्या होत्या. खोलीत लिंबाचा असा वास, की हवालदार बाईंना लागोपाठ शिंका आल्या.

खोटं बोलणारा माणूस आधी हात लपवतो, हे मी नोकरीत शिकलो. यानं आधी बाटल्या पुढे सरकवल्या.

"कोणाला विकता?"

"कोणालेच नाई साहेब. मले एक वास पाह्यजे, तो भेटून नाई राहिला."

मला राग आला. म्हटलं, सरळ सांगा, नाहीतर ठाण्यात चला. मग त्यानं सरळच सांगितलं. जन्मभर बिडी ओढली. बायकोला बिडीचा वास सहन होत नसे, त्यामुळे सांजेला ती अंगणात आणि हा फाटकाबाहेर. पुढे आखाती देशात कामाला असलेल्या मुलानं बंदीच्या आधी हे ई-सिगारेटचं यंत्र आणून दिलं, सोबत लिंबाच्या स्वादाची एक बाटली. पहिल्या दिवशी बायकोनं धूर हुंगला आणि बाजेवर बाजूला सरकली. म्हणाली, "हा वास चालते. आता बसा माह्याजवळ."

"दीड वर्स बसलो साहेब," तो म्हणाला. "चाळीस वर्साच्या संसारात तेवढंच जवळ बसलो. मंग ते गेली."

जुनी बाटली संपत आली आणि तशी विकत मिळेना. म्हणून हा केकमध्ये घालायचे लिंबाचे अर्क मागवू लागला. ग्लिसरीनमध्ये थेंब मोजून मिसळायचे, डब्यात घालून लोणच्यासारखं मुरू द्यायचं, मग कापसावर टाकून हुंगायचं आणि शेवटी अंगणात त्याच बाजेवर बसून दोन झुरके. एक अर्क भांड्याच्या साबणासारखा निघाला. दुसऱ्याला फरशी पुसायच्या पाण्याचा वास होता. तिसरा गोळीसारखा गोड, सालीचा कडवटपणाच नाही. एक जवळ आला होता, म्हणाला, पण तो नाही.

मी सगळं जप्त करायला घेतलं. शेवटी तळाशी नखभर पाणी उरलेली जुनी बाटली उचलली, तेव्हा त्यानं हात जोडले.

"बाकी सगळं न्या. हे राहू द्या. हे गेली तं मी कशासंगं ताडून पाहू?"

"एवढं सोडा" असं प्रत्येक आरोपी म्हणतो. हा खरं बोलतो की नाटक करतो, हे मला पाहायचं होतं. सील करण्याआधी पंचांसमक्ष त्याला पाठमोरा उभा केला. एका कापसावर जुन्या बाटलीतला थेंब टाकला, दुसऱ्यावर त्या 'जवळ आलेल्या' अर्काचा. म्हटलं, आता ओळखा.

त्यानं दोन्ही हुंगले, पुन्हा हुंगले आणि एक उचलून म्हणाला, "हा. हाच जुना."

तो नवा होता. मी हुंगला, पंचांनी हुंगला, हवालदार बाईंनीही. कोणालाच फरक सांगता येईना. मी त्याला खरं सांगितलं तेव्हा तो खाली बसला.

"मंजे वास कवाच भेटला होता," तो म्हणाला. "मंग तिच्याजवळ बसल्यासारखं काहून नाई वाटत?"

या प्रश्नाला पंचनाम्यात रकाना नसतो. मी लाखेचं सील लावलं, सह्या घेतल्या. नागपूरच्या प्रयोगशाळेला पाठवताना मात्र पत्रात एक ओळ जादा घातली, की जुन्या बाटलीतला नमुना शक्यतो राखून ठेवावा. तिकडे कोणीतरी हसलं असेल, हसू दे.

अहवालात अमली पदार्थ निघाला नाही. वसाहतीत विचारपूस केली, विक्रीचा एकही साक्षीदार मिळाला नाही. न्यायालयात प्रकरण बंद करायचा समरी अहवाल गेला. यंत्र नष्ट करायचा हुकूम झाला, बाटल्या परत द्यायचा.

बाटल्या द्यायला जायच्या आदल्या दिवशी मी घरी तलावाच्या मासोळ्या नेल्या होत्या. बायकोनं त्या साफ केल्या, हात धुतले, लिंबाची साल तळव्यांवर खसाखसा चोळली आणि मला चहाचा कप दिला. कप ओठाशी नेला, तर चहाआधी तिच्या हातांचा लिंबाचा वास नाकात शिरला. एवढी वर्षं तोच चहा पीत होतो आणि हे लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात बाटल्या देऊन मी विचारलं, "सांजेला अंगणात बसायच्या आधी त्या काय करत होत्या?"

"सैपाक. मासोळ्या असल्या तं त्या साफ करे. मासोळ्या तं आमच्याकडं रोजच्याच."

"आणि मग हात?"

त्यानं बाटल्या खाली ठेवल्या. तो परसात गेला, झाडाचं लिंबू तोडून आणलं, कापलं आणि साल दोन्ही तळव्यांवर चोळली. मग अंगणातल्या बाजेवर अर्ध्या भागात बसला, अर्धी बाज मोकळी ठेवून. तळवे नाकाशी धरले. मी फाटकाशी उभा.

"अर्धं हाये साहेब," तो म्हणाला. तळवे खाली घेतले नाहीत. "अर्धं हाये."

मी जीपमध्ये येऊन बसलो. ड्रायव्हर काही विचारत होता, त्याला मी उगाच चिडून बोललो.

तपासात आम्ही वस्तू शोधतो, सील करतो, नंबर देतो. वस्तू सापडली की प्रकरण उलगडलं असं मानतो. त्या माणसाची वस्तू, म्हणजे बाटलीतला तो वास, केव्हाच सापडली होती आणि तिचा काडीचाही उपयोग नव्हता. या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच. खात्यात त्याचा कुठं उपयोग झाला नाही, घरी झाला.

आता निवृत्त होऊन काही वर्षं झाली. बायको मासोळ्या साफ करायला बसली की मी पेपर घेऊन तिथंच पाटावर जाऊन बसतो. ती करवादते, "काहून इथं येऊन बसता जी? वास येते."

मी म्हणतो, येऊ दे.