शटर ओढतानाची मिठी

गल्लीत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. हात चाले त्याच्या दुप्पट जीभ चाले. गिऱ्हाइकाच्या मानेभोवती टॉवेल टाकला की त्याच्या सात पिढ्यांची हजेरी घेऊनच सोडायची. फक्त लेकीचा विषय निघाला की तोंडाला कुलूप.

लेक दूरदेशीच्या अनाथालयातून पाचव्या वर्षी आली, आता आठची झाली. शाळा सुटली की पार्लरमध्येच असायची आणि समोर बसेल त्या बाईच्या मांडीवर चढायची.

"किती लाघवी गं पोर! कुणाकडेही जाते."

"उतरवा तिला," कात्रीबाई म्हणायची. बायका फणकारायच्या. त्यांना काय सांगणार? समुपदेशक बाईंनी बजावलं होतं, तिला कुणीही चालतं हेच तर दुखणं आहे. भरवणं, जवळ घेणं, लागलं तर फुंकर घालणं, सगळं तुम्हीच करा. वर्षं लागतील.

लागतच होती. गुडघा फुटला तरी पोर आईला ओलांडून तिऱ्हाइताकडे जायची.

मागच्या महिन्यात कात्रीबाई तापाने दोन रात्री दवाखान्यात राहिली. परत आली आणि आक्रीत घडलं. शटर ओढायच्या वेळी लेक धावत यायची, कमरेला घट्ट मिठी मारायची, गालाचा पापा घ्यायची. रोज. फक्त आईचा.

"बघितलंस?" कात्रीबाईने नणंदेला डिवचलं. नणंद तिथेच नखं रंगवायचं काम करायची. "दगडावर पाणी घालतेय म्हणत होतीस ना?"

"बघितलं गं वहिनी. तोंड बघ आरशात, लॉटरी लागल्यासारखं झालंय!"

त्या संध्याकाळी कात्रीबाईला राहवलं नाही. मिठीतच विचारलं, "एवढी आवडते का गं मी तुला?"

लेक विचारात पडली. "अनाथालयातल्या ताईला पापा द्यायचा राहिला होता. संध्याकाळी गेली, ती आलीच नाही. तुझा राहायला नको."

नणंदेचा हात बाटलीच्या झाकणावरच थांबला.

"अगं, मी कुठे जातेय? आई आहे मी तुझी!"

"हो," लेक समजुतीने म्हणाली. "तीपण असंच म्हणायची."

कात्रीबाई मटकन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. लेकीने टॉवेल आणून तिचे डोळे पुसले, सराईत हाताने, लहानग्यांचे पुसतात तसे.

"रडू नकोस. तू जाशील तिकडेही मुली असतील तुला."

मग तिने चपला घातल्या, आणि दोघींपैकी जिचा हात आधी पुढे आला तो धरला. तो नणंदेचा होता.