दोन इंच माया

शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या त्या दुकानात दिवसातून वीसदा एकच वाक्य ऐकू यायचं. "मास्तर, आत माया ठेवा हं, पोरं काय, बघता बघता वाढतात." माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडलेलं जास्तीचं कापड. पोर वाढलं की टाके उसवायचे, माया सोडायची, पँट अजून वर्षभर चालते. मास्तर कोणी न सांगताही दोन इंच ठेवायचे. हातच तसा बसलेला.

त्यांची बायको दुसऱ्या मशीनवर बसायची. टेलर मास्तरची बायको म्हणून सगळी गल्ली तिला मास्तरीण म्हणायची. एकेकाळी मास्तरीण एकशे एकोणतीस किलोची होती. तिच्याखाली स्टूल मोडलं होतं, आणि एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा तर दुकानभर गिऱ्हाईक, सगळे फिस्सकन हसले आणि खाली बसल्या बसल्या तीही हसली, कारण दुसरं करणार काय? गुडघे गेले, साखर वाढली, झोपेत श्वास अडकायला लागला. शेवटी पोट लहान करायचं ऑपरेशन झालं. पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी केली.

नणंद बघायला आली आणि म्हणाली, "वहिनी, जिभेला कुलूप लावलं असतं तर पोट कापायची वेळ आली नसती."

मास्तरिणीने तोंड भिंतीकडे फिरवलं. पोटाला टाके होते, उलट बोलायलाही दुखत होतं.

पण वजन उतरलं हो! दीड वर्षात एक्काहत्तरवर! जुनं गिऱ्हाईक दारातच थबकायचं. "काय मास्तर, दुसरी केली की काय?" मास्तर लाजून टेपशी खेळत बसायचे. केस मूठमूठ गळले, गालाची कातडी लोंबली, पण मास्तरीण जिना न थांबता चढायची आणि वर पोचल्यावर उगीचच परत खाली यायची, पुन्हा चढायला.

वजनाच्या काट्याचं मात्र तिला वेड लागलं. दिवसातून पाच वेळा चढायची. दोनशे ग्रॅम वर गेलं की रडू, खाली आलं की गाणं. एक दिवस वैतागून तिने तो काटा नणंदेला देऊन टाकला आणि मास्तरांना म्हणाली, "मला काळ्या पँटी शिवून द्या, चार. एकदम मापाच्या. माया अजिबात ठेवू नका. जागा ठेवली की अंग पसरतं. काटा मूड बघून बोलतो, कापड खोटं बोलत नाही. बटण लागलं म्हणजे मी जागेवर."

मास्तरांनी चार पँटी शिवल्या, आतून अस्तर लावून, अगदी फर्स्ट क्लास.

तीन वर्षं मास्तरीण त्या पँटींच्या भरवशावर जगली. आधी अंडं नाहीतर दही, मग बाकीचं. घास वीसदा चावायचा. जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही. सकाळी चाळीस मिनिटं चालणं.

मग मागच्या वर्षी शाळा उघडायच्या आधी ऑर्डरींचा नुसता डोंगर पडला. चालणं सुटलं. उद्यापासून, सोमवारपासून, एक तारखेपासून... आपलं सगळ्यांचं होतं तसंच. आणि बिस्किटं आली. भाताचे चार घास जास्त झाले की छातीत अडकायचे, पण चहात बुडवलेलं बिस्किट? ते सर्रकन खाली. एकाची दोन झाली, दोनाचा अर्धा पुडा झाला. मास्तरीण घाबरून पँट चढवायची. कधी ओढूनताणून, पण बटण लागायचं. हुश्श! मग अजून एक बिस्किट. हॉस्पिटलची वर्षाची तपासणीसुद्धा तिने टाळली. बटण लागतंय की, कशाला जायचं?

परवा दुपारी ती पँटला इस्त्री करत होती तर कमरेपाशी अस्तर उसवलेलं दिसलं. दोन टाके मारावेत म्हणून तिने पँट उलटी केली आणि तिचा हात थांबला. मागच्या शिलाईच्या कडेने सुईची भोकं होती. एक ओळ, अर्ध्या इंचावर दुसरी, मग तिसरी. टेलरच्या बायकोला भोकं वाचता येतात. ही पँट तीनदा सैल केली होती. तिने बाकीच्या तीन काढल्या, फराफरा अस्तर फाडलं. चारही तशाच.

चारही घेऊन ती दुकानात आली आणि मास्तरांच्या मशीनवर टाकल्या.

"हे काय आहे?"

मास्तरांनी पाय थांबवला. "अगं..."

"अगं नको. हे काय आहे?"

"सीझनमध्ये एकदा तू बटण ओढत होतीस. पलंगावर आडवी पडून. रडत होतीस गं. मला बघवेना."

"म्हणून माया सोडलीत? आणि मुळात ठेवली कशाला? मी नको म्हटलं होतं ना?"

"हात गेला. सवय."

"सवय! मी काय पाचवीतली पोर आहे वाढायला?"

मास्तर हसायला गेले, तिचा चेहरा बघून त्यांनी हसू गिळलं. "वाटलं, सीझन संपला की तू चालायला लागशील, होशील कमी. मग परत आत घेईन, तुला कळणारही नाही."

"मला कळायलाच हवं होतं हो," मास्तरीण म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला की मास्तर वाकून ऐकायला लागले. "अर्ध्या इंचाला कळलं असतं तर मी थांबले असते."

बोलून झालं आणि तिलाच ते खरं वाटेना. थांबली असती? बिस्किटं काय मास्तरांनी भरवली होती? तीनदा सैल झालेली पँट घालताना अंगाला काहीच कळलं नव्हतं का? कळलं होतं. पण बटण लागत होतं ना, मग कोण विचारतंय!

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या काट्यावर ती डोळे मिटून उभी राहिली. सत्त्याऐंशी. सोळा किलो परत. आहाराच्या मॅडम चांगल्या होत्या, ओरडल्या नाहीत, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

"होतं असं, खूप जणांचं होतं," मॅडम म्हणाल्या. "आधीचे नियम परत सुरू करू. पण ताई, स्पष्ट सांगते, पहिल्या दीड वर्षासारखं आता भरभर उतरणार नाही. भूकही पहिल्यासारखी लागायला लागली असेल ना?"

लागायची. पोट केळ्याएवढं आणि भूक आख्ख्या एकशे एकोणतीस किलोची.

आज सकाळी ती चालायला निघाली. मास्तर न विचारता मागे आले, दोन पावलं अंतर ठेवून, अपराध्यासारखे. तिने नणंदेचा जुना सैल ड्रेस घातला होता. पंधरा मिनिटांत गुडघा बोलायला लागला. कोपऱ्यावरच्या बेकरीतून गरम वास आला आणि तिच्या तोंडाला इतकं पाणी सुटलं की तिला स्वतःची किळस आली. ती बंद दुकानाच्या पायरीवर बसली.

"अहो, हे कधी संपणार?"

गिऱ्हाइकाला तारीख देताना मास्तर जन्मात अडखळले नव्हते. कापड कापलेलंही नसायचं, तरी "परवा संध्याकाळी या, नक्की" असं ठोकून द्यायचे. आज ते तिच्या शेजारी बसले, पण तारीख काही तोंडातून निघाली नाही.

मास्तरिणीने गुडघा चोळला. मग भिंतीला हात टेकवून उठली. अजून पंचवीस मिनिटं चालायचं होतं. उद्या पुन्हा चाळीस.