आबांच्या उजव्या कानासाठी माइक

आमच्या घराण्यात वस्तू घेण्याआधी तिचा अभ्यास करायची पद्धत आहे. वडिलांनी पहिला मिक्सर घेतला, तेव्हा त्याआधी ओळखीच्या निम्म्या नागपुरात जाऊन ते मिक्सरवर वाटलेल्या चटण्या खाऊन आले होते. मी तर शिकलेला इंजिनिअर, अमेरिकेत फ्रीमाँटला राहणारा, हाताशी चोवीस तास इंटरनेट. त्यामुळे कॅमेऱ्याला लावायचा एक स्वस्तातला माइक निवडायला मला अख्खा उन्हाळा आणि वर दिवाळी लागली.

माइक हवा होता आबांसाठी, म्हणजे माझ्या त्याच वडिलांसाठी. ते नागपूरला ताईकडे राहत. त्यांचा डावा कान पार गेलेला, उजव्यात थोडी धुगधुगी होती. कानाचं मशीन आणलं होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून कपाटात गेलं. फोनवर काही कळायचं नाही, तेव्हा त्यांनी फोनवर येणंच सोडलं. आमच्या मुलीला त्यांनी एकदाच पाहिलेलं, तेही पाळण्यात. आता ती पहिलीत होती. 'पोरीचा आवाज ऐकायचाय', एवढंच ते ताईजवळ म्हणत आणि ताई मला फोनवर सांगे. ते ऐकलं की मला दिवसभर कशात गोडी वाटायची नाही.

साल २००६. कॅमेऱ्यासमोर बसून बोलायचं आणि ते इंटरनेटवर टाकायचं, हे खूळ तेव्हा नुकतं सुरू झालं होतं. मला वाटलं, आपणही दर रविवारी मुलीला कॅमेऱ्यापुढे बसवावं. ताईने तिकडे कॉम्प्युटरवर लावून द्यावं, आबांनी हेडफोन घालून निवांत ऐकावं. बायकोही म्हणाली, कल्पना चांगली आहे. माझ्या कल्पनांच्या बाबतीत हे फारसं घडत नाही, त्यामुळे मी चढूनच गेलो.

पहिल्या रविवारी मी मुलीला सांगितलं, आबांना शाळेतली गंमत सांग. तिने हातवारे करकरून सांगितली. दोन दिवसांनी ताईचा फोन आला. आबा म्हणतात, चित्र झकास आहे, आवाज मात्र नाही. मी ऐकून पाहिलं. कॅमेऱ्यातच असलेल्या माइकने आतली टेप फिरल्याची घरघर, आमचा फ्रिज आणि घरामागच्या फ्रीवेवरच्या गाड्या एवढं सगळं मन लावून टिपलं होतं. मुलगी फ्रीवेच्या पलीकडे उभी राहून बोलत असावी, असं वाटत होतं.

तिथून माझा अभ्यास सुरू झाला. ऑफिसातून आलो की मी परीक्षणं वाचत बसे. आवाजाच्या शास्त्रातले शब्द मी जेवताना वापरू लागलो. डबे खायला एकत्र बसणाऱ्या आम्हा देशी मंडळींत एकाने एक माइक सुचवला, तर दुसरा म्हणाला, "यार, त्यापेक्षा स्टुडिओच भाड्याने घे ना." मी त्याचाही दर पाहून ठेवला.

शेवटी कॉलरला चिमट्याने लावायचा, सगळ्यांत स्वस्त माइक घेतला. आता आवाज जवळून आला, पण हेडफोनच्या फक्त डाव्या बाजूने. म्हणजे आबांच्या नेमक्या गेलेल्या कानात. ही दुरुस्ती कशी करावी यावर मी आठवडाभर वाचत होतो. तेवढ्यात ताईने आबांच्या डोक्यावरचा हेडफोन काढून उलटा घातला. आवाज आला. पण मुलगी एका जागी बसेना आणि चिमटा तिच्या फ्रॉकवर घासून खरखर व्हायची. तो माइक मी दुकानात परत केला.

इथे आपल्या लोकांची एक खोड सांगायला हवी. वस्तू महिनाभरात परत करता येते, हे कळल्यापासून आपण कुठलीच वस्तू पुरती घरी आणत नाही. खोकं ब्लेडने हळूच उघडायचं, थर्माकोल जपून ठेवायचं, चिकटपट्टीसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही. दुसरा माइक मी या रीतीनेच आणला. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा, त्यावर स्पंजची टोपी, आणि टोपीवर प्लास्टिकची पातळ पिशवी. टोपी मळली तर दुकानदार परत घेणार नाही, म्हणून पिशवी तशीच ठेवून मी रेकॉर्डिंग केलं. ताईचा निरोप आला, आबा विचारतात, तिकडे पाऊस फार लागलाय का? कॅलिफोर्नियात सहा महिने थेंब नव्हता.

बायकोने माइककडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"ती पिशवी काढ."

"काढली तर परत कसा करणार?"

"परतच करायचाय तर आणलास कशाला?" असं म्हणून तिने पिशवी टराटरा फाडली. खोकंही कचऱ्यात गेलं. मला त्या खोक्याचं फार वाईट वाटलं.

पण त्या रविवारी आवाज असा आला की काय सांगू. घरघर नाही, खरखर नाही. खुर्ची कुरकुरली तेही कळत होतं. मी ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं, सोमवारी डब्याच्या मंडळींना ऐकवलं, आणि अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच आपल्या हातून काहीतरी धड झालं, अशा आनंदात पुढचे दिवस काढले.

शनिवारी सकाळी फोन वाजला. आबा होते. स्वतः.

"आवाज एकदम स्वच्छ येतो," ते म्हणाले. "अक्षर न् अक्षर. चांगला माइक घेतलास." मी फुलून काहीतरी बोलू लागलो, पण त्यांना ते ऐकू येत नव्हतं. ते पुढे म्हणाले, "पण ती इंग्रजीत बोलते रे. मला इंग्रजी येतं, नोकरीभर फाइली लिहिल्या. पण तिचं फार पळतं."

मी खाली बसलो. आजवरच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये मी फ्रिज ऐकला होता, फ्रीवे ऐकला होता, खुर्ची ऐकली होती. पोरगी काय बोलते हे ऐकलंच नव्हतं. घरी मी विचारतो, "दूध प्यायलीस का?" ती म्हणते, "ऑलरेडी डिड, बाबा." इतकी वर्षं मला ते एकाच भाषेतलं बोलणं वाटत आलं होतं. ताई हेडफोन लावून देऊन स्वयंपाकघरात जायची, तिलाही कधी कळलं नाही. मला इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. बायको खुणेनेच विचारत होती, काय झालं. मी तिला हातानेच थांबवलं.

आबा रागावले नव्हते. उलट मलाच समजावल्यासारखं बोलत होते.

"इतके दिवस नीट ऐकू येत नव्हतं ना, तर मी धरून चाललो होतो की मराठीतच बोलते. आबा जेवलात का, आबा कधी येता, असं काहीतरी म्हणत असेल. मी उत्तरंही देत होतो तिला."

आणि माझं काही ऐकायची सोय नसल्यामुळे त्यांनी फोन ताईच्या हातात दिला.