चकती ओढणारा

जर्मनीतल्या आमच्या गावच्या आइस हॉकी संघात त्याला एकाच कामासाठी ठेवलंय. पंच दोन्ही संघांच्या एकेका खेळाडूच्या मधे चकती टाकतो, ती काठीने आधी ओढून आपल्या माणसाकडे द्यायची आणि बाकावर परतायचं. गोल दुसरे करतात. माझ्या किराणा दुकानात राजमा घेतानाही तो माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघतो आणि माझं वाक्य संपायच्या आत "गेनाऊ", म्हणजे जर्मनमध्ये 'अगदी बरोबर', म्हणतो.

यंदा त्याचा करार संपत होता. शेवटच्या सामन्यात बरोबरी असताना त्याने घाईने काठी हलवली. असं केलं की पंच बाजूला काढतो आणि त्याच्या जागी त्याच्याच संघातला दुसरा उभा राहतो. उभा राहिला तो त्याच्याच जागेवर डोळा असलेला नवा खेळाडू. हा जाता जाता त्याच्या कानाशी लागला. नव्याने चकती ओढली, गोल झाला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय सांगितलंस त्याला?"

"हा पंच चकती सोडण्याआधी अंगठा उचलतो."

मी भडकलो. "वेड्या, मी भागीदाराला सगळे घाऊकवाले दाखवले, त्याने समोरच दुकान थाटलं!"

"हो, पण गोल हवा होता ना?"

आठवड्याने तो नवा करार घेऊन आला. आणखी एक वर्ष, आणि रोज सकाळी त्या नव्याला शिकवायचं.

"हे कलम कुणी घुसडलं?"

"मीच मागून घेतलं."

इतक्या वर्षांच्या घासाघिशीत असलं काही मागणारा मला भेटला नव्हता. शिव्या द्यायला मी तोंड उघडलं आणि विचारलं, "सकाळी किती वाजता? मी बघायला आलो तर चालेल?"