दुसऱ्यांदा विचारणाऱ्या केणी बाई

त्या सोमवारी सकाळी नववी ‘ब’ची हजेरी घेताना टेबलावरचा मोबाइल थरथरला आणि मी तो उचलला नाही. हजेरीच्या वेळी मोबाइलकडे बघायचं नाही, असं मी दोन वर्षांपूर्वी ठरवलं आहे. त्याचं कारण पुढे येईलच. एकेक नाव घ्यायचं, मान वर करायची, चेहरा बघायचा, मगच पुढचं नाव. सतराव्या नावाला पुन्हा थरथर झाली, एकविसाव्याला पुन्हा. तरी मी शेवटच्या नावापर्यंत गेले. त्यामुळे आमच्या पर्यवेक्षिका केणी बाई गेल्याची बातमी मला सगळ्या शाळेनंतर दहा मिनिटांनी कळली. शाळेला निघताना चप्पल घालायला म्हणून त्या दाराजवळच्या स्टुलावर बसल्या आणि उठल्याच नाहीत. शिक्षकांच्या ग्रुपवर तोवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी वर्गाबाहेर आले. कॉरिडॉर रिकामा होता. या वेळेला तिथे रोज त्या उभ्या असायच्या...

डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या मराठी शाळेत मी सोळा वर्षांपूर्वी लागले, तेव्हा मला त्यांची भीती वाटायची. उंच, रुंद हाडाच्या, आवाज असा की मैदानाच्या टोकाला बूट न घातलेला मुलगा जागीच थबकायचा. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळी घरातल्या. सभेत अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण एखादी पोर रडताना दिसली की माहेरचा ‘गो’ बाहेर पडायचा. खरी भीती मात्र त्यांच्या एका प्रश्नाची होती. स्टाफरूममध्ये येऊन त्या आपल्यासमोर उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, “झोप झाली का?” आपण म्हणायचं, “हो बाई, झाली.” तरी त्या हलायच्या नाहीत. जरा थांबून, त्याच आवाजात पुन्हा, “झोप झाली का?” कोणाला राग यायचा, कोणाला हसू. आमचे चित्रकलेचे सर मागून त्यांची नक्कल करायचे. पण दुसऱ्या खेपेला बहुतेकांच्या तोंडून खरं निघायचं. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, मुलीला ताप आहे, पेपर तपासून संपत नाहीत. मी एकदा चिडून विचारलं होतं, “बाई, एकदा सांगितलेलं पटत नाही का तुम्हाला?” तर म्हणाल्या, “अगं, पाहुणा पहिल्यांदा चहाला नकोच म्हणतो. म्हणून काय आपण आधण ठेवायचं नाही?”

आमच्याकडे समुपदेशन कक्ष आहे. दारावर पाटी आहे, आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि लेझीमचं पोतं आहे. वर्षातून एकदा त्या पाटीचा फोटो काढून वर पाठवतात. मुलं आणि शिक्षक, दोघंही खरं बोलायला जायचे ते केणी बाईंच्या त्या कॉरिडॉरमध्ये.

आता दोन वर्षांपूर्वीचं सांगते. हजेरी मोबाइलवर भरायची पद्धत तेव्हा नवीन होती. एक बटण दाबलं की सगळा वर्ग हजर व्हायचा. मग जे आले नसतील त्यांच्या नावापुढची खूण काढायची. त्या दिवशी कुठलीशी माहिती तातडीने मागवलेली होती. मी बटण दाबलं, माहिती भरत बसले आणि खुणा काढायचं विसरले. मान वर केलीच नाही. मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातल्या तन्वीच्या आईचा ऑफिसात फोन आला. मुलगी सकाळी कशी गप्प गप्प गेली, जरा बघता का? ऑफिसातून उत्तर गेलं, “हजर आहे, काळजी करू नका.” ते उत्तर माझ्या एका बोटाने दिलेलं होतं. पाच मिनिटांनी, मुलं डबे खात बसली असताना, मी वर्गात गेले तेव्हा तिसऱ्या बाकावरची खिडकीकडची जागा रिकामी दिसली. सकाळपासूनच रिकामी होती ती.

मी केणी बाईंकडे धावत गेले. मला वाटतं, मी फक्त “तन्वी... तन्वी...” एवढंच बोलत होते. त्यांनी मला भिंतीला टेकवून उभं केलं, तिच्या आईला स्वतः फोन करून आमची चूक सांगितली, मुख्याध्यापकांना पोलीस चौकीत कळवायला लावलं आणि तन्वीच्या बाकावरच्या मैत्रिणीला बोलावलं. “कुठे गेली?” मैत्रीण म्हणाली, “माहीत नाही, बाई.” त्या थांबल्या. घंटा झाली, मुलं आमच्या दोन्ही बाजूंनी पळत गेली, तरी त्या तशाच उभ्या. मला किंचाळावंसं वाटत होतं. मग पुन्हा, आवाज जराही न चढवता, “कुठे गेली गो?” आणि त्या पोरीने रडायला सुरुवात केली. गणिताच्या पेपरावर वडिलांची सही आणायची होती, आणि तन्वी म्हणाली होती की मी मामाकडे निघून जाते. मामा खडवलीला.

खडवली म्हटल्यावर आमच्या भागातल्या माणसाला आधी नदी आठवते. सहलीला गेलेली आणि परत न आलेली मुलं आठवतात. मामाने फोनवर सांगितलं होतं की ती घरी आलेली नाही, आणि तो नदीकडे धावला होता. तिची आई ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये कामाला, ती तिथून निघाली होती. मी आणि केणी बाई भर दुपारच्या कसारा गाडीत बसलो. डबा जवळजवळ मोकळा होता. टिटवाळा गेलं आणि मला वाटलं, ही गाडी अशीच पुढे जात राहावी, खडवली येऊच नये. नाही पोचलो, तर ती मुलगी अजून कुठेतरी आहे... असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात चाललं होतं. केणी बाईंनी माझा हात धरून ठेवला होता. त्यांचाही तळवा गार पडलेला होता, हे मला कळलं.

तन्वी फलाटाच्या अगदी टोकाला, सिमेंटच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली होती. सकाळपासून तिथेच, असं तेव्हा वाटलं. मामाकडे गेलं तर शाळा का बुडवली म्हणून विचारतील, घरी गेलं तर पेपर दाखवावा लागेल. मी तिच्याकडे पळणार, तोच बाईंनी मला मागे ओढलं, तिच्या आईला आणि मामाला फोन करायला सांगितलं आणि त्या स्वतः, अगदी हळूहळू चालत जाऊन तिच्या शेजारी बसल्या. पेपराचं नाव नाही, ओरडणं नाही.

“भूक लागली का गो?”

“नाही.”

समोरून एक मालगाडी गेली. ती पूर्ण जाईपर्यंत बाई थांबल्या.

“भूक लागली का?”

“हो,” तन्वी म्हणाली, आणि मग तिघींनी मिळून तिच्याच डब्यातली बटाट्याची भाजी आणि गार पोळ्या खाल्ल्या. डबा संपत आला तेव्हा ती खाली बघत एवढंच म्हणाली की मामाचं घर नदीवरच्या पुलाच्या अलीकडे आहे, आणि ती पुलापर्यंत जाऊन परत आली होती. पुढे मी काही विचारू शकले नाही. बाईंनी विचारलं, दोनदा विचारलं. ते इथे लिहिणार नाही. तन्वी आता अकरावीत आहे, रस्त्यात भेटली की लांबून हात हलवते.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बाई माझ्याबरोबर आल्या आणि “चूक आमची झाली” म्हणाल्या. आमची! त्यानंतर मीच आजारी पडल्यासारखी झाले. सकाळी शाळेचं फाटक दिसलं की ओकारी यायची, हजेरी घेताना नावं डोळ्यांपुढे नाचायची. पंधरा दिवस केणी बाई पहिल्या तासाला माझ्या वर्गाच्या मागच्या दारात उभ्या राहिल्या. काही करायच्या नाहीत, फक्त असायच्या. ठाण्याला एका समुपदेशक बाईंकडे त्यांनीच माझी वेळ घेतली आणि पहिल्या दिवशी सोबत आल्या. मी तासाभराने रडून डोळे सुजवून खाली उतरले, तर या शेजारच्या गुऱ्हाळात उसाच्या रसाचा दुसरा ग्लास संपवत होत्या. साखरेचा आजार असलेली बाई! मी बोट दाखवलं, तर म्हणाल्या, “तू वरचं कोणाला सांगू नकोस, मी खालचं सांगत नाही.”

यंदा मतदारयाद्यांचं काम आलं. शाळा सुटली की घरोघर हिंडायचं. माझ्या वाट्याला आलेल्या दोन बिनलिफ्टच्या इमारती त्यांनी मागून घेतल्या. “तुझं औषध चालू आहे, मी जाते.” मी घेऊ दिल्या. त्या शेवटच्या शनिवारी ऑफिसात मस्टरवर सही करताना त्यांनी टेबलाची कड धरलेली मी पाहिली. विचारलं, “बाई, बरं वाटतंय ना?” “हो गं. उन्हाचं आहे जरा.” त्यांच्या सहीखाली मी माझी सही केली आणि वर्गावर गेले. एकदाच विचारलं. ज्या बाईने सोळा वर्षं मला दोनदा विचारलं, तिला मी एकदाच विचारलं... सोमवारच्या त्या रिकाम्या कॉरिडॉरमध्ये मला आधी हेच आठवलं, दुःख नंतर आलं.

त्यांच्या कामाचा तात्पुरता भार आता माझ्याकडे आहे. त्यात मस्टरही आलं. परवा मागची पानं उलटली. सेवाज्येष्ठतेने माझं नाव बरोबर त्यांच्या खाली. दिवाळीनंतरच्या पानावर त्यांची सही पूर्ण आहे, ‘सुमन केणी’, ‘म’ला ठसठशीत गाठ. पुढच्या महिन्यात ‘सु. केणी’. मग नुसतं ‘केणी’. शेवटच्या दोन आठवड्यांत तेही नाही, एक रेघ आणि तिचं वळण, ओळीखाली घसरलेलं. त्या प्रत्येक सहीच्या खाली, एका बोटाच्या अंतरावर, माझी सही आहे. रोज. तन्वीची जागा निदान मी बघितलीच नव्हती. हे तर रोज समोर होतं.

तेव्हापासून मला मस्टर उघडायची भीती वाटते. नव्या महिन्याच्या पानावर त्यांचं नाव नाही आणि माझ्या नावाखाली चौदा नावं आहेत. चौदा माणसं, आणि वर्गावर्गातली ती मुलं, आणि बघणारी मी, जिला अजून मोबाइल थरथरला तरी घाम फुटतो. माझ्या हातून आणखी कोणीतरी सुटेल, हे भय सकाळी माझ्या आधी उठतं. आज मस्टरमध्ये शेवटून दुसरी सही बघितली. नेहा, विज्ञानाची नवी शिक्षिका. जून महिन्यात नाव-आडनाव लिहून खाली रेघ मारायची. आज नुसता ‘ने’.

ती स्टाफरूमच्या कोपऱ्यात मोबाइलवर काहीतरी भरत होती. मी समोर जाऊन उभी राहिले. “नेहा, झोप झाली का?”

“हो मॅडम, एकदम मस्त.” मान खालीच.

पहिल्या तासाची घंटा झाली. वरून माझ्या वर्गाचा गोंगाट ऐकू यायला लागला. माझे पाय दाराकडे वळलेसुद्धा. ती “नाही” म्हणाली तर मी काय करणार आहे? माझ्याकडे कुठलं उत्तर आहे? पण उत्तर केणी बाईंकडेही नसायचं, त्या फक्त हलायच्या नाहीत. मी आतल्या आत चार आकडे मोजले.

“नेहा, झोप झाली का?”

तिने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. मी खुर्ची ओढली.